चुन्नीलालची चिमूट

चुन्नीलाल ते बोलला तेव्हा माझ्या नखात उकडलेल्या शिंगाड्याचं काळं साल अडकलं होतं आणि मी ते दुसऱ्या नखाने काढत बसले होते. त्याच्या अंगणात खाट, खाटेवर मी, समोर चुलीवर हंडा, हंड्यात सकाळीच बोडीतून काढलेले शिंगाडे रटरटत होते. सौंदडपासून मैलभरावरची ही बोडी, म्हणजे छोटं तळं, त्याच्या भावकीने शिंगाड्याला घेतलेली. त्याची बायको धुरपताबाई मला "खा ना जी, खा ना" करत टोपलं पुढे सरकवत होती. मी खात होते, कारण हैदराबादेत शिंगाडा मिळतो तो दगडासारखा, आणि कारण त्या सकाळी मी खूश होते. माझा पहिला शोधनिबंध छापायला निघाला होता. शेवटची तपासणी करून संध्याकाळी पाचपर्यंत परत पाठवायची, एवढंच बाकी. तेवढ्यात चुन्नीलाल टोपल्याकडे पाहून सहज म्हणाला, "तुमच्या उंदरायले बी लय आवडत होतं जी हे." मी म्हटलं, "कोन्त्या उंदरायले, भाऊ?" "आपल्या. त्या बारा, नंबरवाल्या. मशीनमधी जायच्या आंधी देत होतो ना चिमूट चिमूट, शिंगाड्याचं पीठ." धुरपताबाई हसली. मीही हसले असणार, कारण तिने लगेच आणखी चार शिंगाडे माझ्यापुढे टाकले. साल नखातून निघालं आणि त्याच्याबरोबर थोडं रक्तही आलं.

उंदीर म्हणजे पांढरे, प्रयोगशाळेतले, लाल डोळ्यांचे. मेंदूचा फोटो काढायचं एक मशीन आमच्याकडे आहे, आणि तो फोटो निघतो साखरेवर. मेंदू साखर खातो. जो भाग जास्त राबतो तो जास्त खातो. म्हणून किरणं सोडणारी साखर शेपटीच्या शिरेतून टोचायची, उंदराला गुंगीचा गॅस द्यायचा, मशीनमध्ये निजवायचं आणि मेंदूने किती साखर ओढली ते मोजायचं. माझा प्रश्न साधा होता, लोकांना हसू येईल इतका साधा. आज काढलेला आकडा त्याच उंदराचा पुढच्या आठवड्यात पुन्हा काढला तर तोच येतो का? येत असेल तर औषधाआधी आणि औषधानंतर एकच जनावर तपासता येतं आणि कितीतरी जनावरं वाचतात. येत नसेल तर त्या मशीनने मेंदूतल्या बदलाबद्दल काहीही सांगणं म्हणजे अंदाजपंचे दाहोदरसे. बारा उंदीर, रोज दोन, सोमवार ते शनिवार. पुढच्या आठवड्यात त्याच वारी तेच दोन. अट एकच, आदल्या संध्याकाळपासून पोटात काही नको. रक्तात आधीच साखर असली तर टोचलेल्या साखरेला मेंदूच्या दारात उभं राहायला जागा मिळत नाही. मी पिंजऱ्यांवर लाल कार्डं लावायची. लाल कार्ड म्हणजे दाणा बंद. लाल कार्ड दिसलं की दाणा काढून घेणारा माणूस म्हणजे चुन्नीलाल. हैदराबादेत तो बांधकामावर आला होता, पायावर लोखंड पडून लंगडा झाला, आणि त्याला प्राणीघरात कंत्राटावर लावून घ्या म्हणून माझ्या मार्गदर्शक सरांच्या मागे लागले ती मी. खरं सांगायचं तर त्याच्यासाठी नाही. त्या तेलुगू-इंग्रजीच्या गलबल्यात कुणीतरी "काऊन जी ताई, जेवल्या का" म्हणणारं हवं होतं, म्हणून. आता सुट्टीत दोघंही गावी आलो होतो.

"लाल कार्ड होतं ना, भाऊ?" मी विचारलं. माझा आवाज मला परीक्षकासारखा वाटला आणि त्याचाच राग आला. "होतं ना जी," तो म्हणाला. "मंग?" "मंग दाना काढून घेतला मी. सांजच्यालेच. एक कन नाही ठेवला. पुसा ना कोनाले बी." त्याला खरंच कळत नव्हतं मी काय विचारते आहे ते. "जेवन बंद म्हंजे जेवन बंद. पन सकारी मशीनमधी धाडाचं, त्यातनी दुसऱ्या खेपेवाले तं वापस बी नाही येत. असं कोनाले निरं उपाशी धाडतेत का, ताई? आमच्या घरी उपास असला न् बोडीत उतराचं असलं तं माय शिंगाडा खाऊ घाले, मंगच पान्यात उतरू दे. उपासाले शिंगाडा चालते. त्यानं उपास नाही मोडत." धुरपताबाईने मान डोलावली. यात काही चुकीचं असू शकतं हे त्या अंगणात माझ्याशिवाय कुणालाही वाटत नव्हतं, चुलीजवळच्या कोंबडीलासुद्धा नाही.

आणि मला हे कधी सुचलं का नाही? दोन महिने मी त्या माणसाच्या शेजारी उभी होते. आमच्या घरी उपास नाहीत. आजोबांनी छप्पन साली दीक्षा घेतली, तेव्हा आजीच्या सोमवार, चतुर्थी, एकादशी सगळ्या एका दिवसात संपल्या, आणि पुढे आमच्या घरात उपाशी राहणं याचा अर्थ एकच उरला, घरात काही नसणं. उपाशी म्हणजे उपाशी. उपाशी असतानाही खायच्या पदार्थांची एक वेगळी यादी असते, ती यादी पोरंसोरं तोंडपाठ म्हणतात, हे मी शाळेत मैत्रिणींच्या डब्यांत पाहिलं होतं, आणि बाबांच्या तोंडून त्याची टिंगलही ऐकली होती. पण ते माझ्या अंगात कधी शिरलंच नाही. चुन्नीलालच्या अंगात ते होतं आणि मला ते दिसलं नाही. मी त्याला शिकलेल्या बाईच्या थाटात दाण्याचे नियम समजावले, त्याने माझ्याहून शहाण्या माणसाच्या थाटात मान हलवली, आणि दोघंही आपापल्या घरचा उपास धरून कामाला लागलो. बाबा रेल्वेत चावीवाले होते. सौंदडहून रोज रुळाच्या कडेने हातोडा घेऊन निघायचं, रूळ धरून ठेवणाऱ्या चाव्या ढिल्या दिसल्या की ठोकत जायचं आणि त्याच वाटेने परत यायचं. "जातानी पाह्यलं ते येतानी बी पाहाचं," ते सांगत. "जातानी उन डोऱ्यावर रायते, येतानी पाठीवर. दोन्ही खेपा सारखं दिसलं तं समज, तू पाह्यलंच नाही." लहानपणी हे मला बापाचं उगाचचं तत्त्वज्ञान वाटे. निबंधात मी लिहिलं होतं की दोन्ही खेपा सारखं दिसलं. इतकं सारखं की सरांनी तो तक्ता दोनदा तपासला आणि म्हणाले, "समीक्षा, एवढं जुळणं मी आयुष्यात पाहिलं नाही." शून्य दशांश त्र्याण्णव. दोन्ही खेपा तंतोतंत जुळल्या तर एक येतो, आणि एक आला असता तर देवानेच मोजलं म्हणायचं. मी महिनाभर तो आकडा मनात घोळवत झोपले.

"चिमूट म्हंजे किती?" मी विचारलं. चुन्नीलालला वाटलं मला पीठ हवंय. त्याने घरातून डबा आणला. मी पेपरचं पान खाटेवर पसरलं आणि म्हटलं, "जशी देत होते तशी टाका. दहादा." तो धुरपताबाईकडे पाहून हसला, मग माझं तोंड पाहून हसायचा थांबला आणि टाकू लागला. अंगठा, पहिलं बोट, मधलं बोट. एक ढीग, दुसरा, तिसरा. मी वाकून पाहत होते. दहा पांढरे ढीग, आणि त्यातला कोणता आधीचा, कोणता नंतरचा हे मला सांगता येईना. बोडीच्या काठावर आयुष्य गेलेल्या माणसाची बोटं ती. पीठ, मासोळीचं दाणं, तंबाखू, सगळं याच तीन बोटांनी मोजलेलं. रोज सकाळी साडेआठला, प्रत्येक उंदराला एक. दोन्ही आठवडे. एक चिमूट म्हणजे आपल्याला काहीच नाही, पण पावशेराच्या जनावराला ते पोटभर जेवण. आम्ही मेंदू मोजलाच नव्हता. चुन्नीलालची चिमूट मोजली होती आणि ती शून्य दशांश त्र्याण्णव भरली.

तरी हे सगळं चुन्नीलालवर टाकून मोकळं होता आलं असतं. ते जमेना, कारण सात आणि आठ. दुसऱ्या आठवड्यातल्या गुरुवारी सात आणि आठ नंबरच्या उंदरांच्या मेंदूने पहिल्या खेपेपेक्षा तिसरा हिस्सा जास्त साखर ओढली होती. पडद्यावर ते मेंदू इतके पेटलेले दिसत होते की मी स्क्रीनचा उजेड कमी करून पाहिला. शेपटीतून घेतलेल्या रक्ताच्या थेंबातली साखरही वेगळी होती. बाकी सगळ्यांची एकशेतीसच्या आसपास, या दोघांची नव्वद. उपाशी उंदराची नव्वदच असते. पुस्तकात नव्वदच लिहिलेली असते. सरांनी सुरुवातीला विचारलं होतं, की बाकीच्यांची एकशेतीस का? मी म्हटलं, गुंगीच्या गॅसने वाढते, पुस्तकात आहे. आहेच पुस्तकात. पुस्तकात सगळंच असतं, ज्याला जे हवं ते त्याने काढावं. आणि ज्या दोघांची नव्वद निघाली त्यांच्यासमोर मी वहीत लिहिलं, 'डोस मोजणीत शंका, वगळले.' डोस मोजणीत शंका नव्हती. डोस मी स्वतः मोजला होता, दोनदा, आणि दोन्ही आकडे त्याच पानावर आहेत. शंका मला त्या दोघांबद्दल होती, कारण ते माझ्या दहांसारखे नव्हते. वर्गात सगळे एकच चुकीचं उत्तर देत असताना दोन पोरं बरोबर उत्तर देतात आणि मास्तरीण त्यांनाच बाहेर काढते, तसं मी त्यांना काढलं. आमच्याच समाजात जन्मून, कुणाला रांगेबाहेर काढण्याची कारणं किती सहज सापडतात हे ऐकत वाढून, मी ते केलं. त्या ओळीखाली माझी सही आहे.

"त्या गुरुवारी तुम्ही नोहते ना?" मी विचारलं. "कोन्त्या?" "दुसऱ्या हप्त्यातल्या. सात न् आठ नंबर." चुन्नीलालने डब्याचं झाकण हातात धरून आठवलं. "नाही जी. ताप होता मले. दवाखान्यात लाइनमधी होतो." मग झाकण तसंच हातात ठेवून तो माझ्याकडे पाहत राहिला. मी काय शोधत होते ते त्याला कळलं नव्हतं. त्याला भलतंच कळलं. दुसऱ्या खेपेनंतर त्याच दिवशी उंदराला कायमचं झोपवून मेंदू काढून घ्यायचा, असा आमचा नेम होता, आणि तो त्याला माहीत होता. "म्हंजे ते दोघं उपाशीच गेले का, ताई?" त्याने विचारलं. धुरपताबाईचा हात हंड्यावर थांबला. त्या दोन महिन्यांत ते दोघं माझ्या मनात आकडे म्हणून आले, मग चूक म्हणून आले, आणि आता दहा मिनिटांपासून पुरावा म्हणून. उपाशी म्हणून आले नव्हते. "हो," मी म्हटलं. चुन्नीलालने झाकण लावलं. ते नीट बसेना, म्हणून त्याने ते पुन्हा काढून लावलं.

दीड वाजला होता. घरी माझा मोबाइल इंटरनेटला लावला की अर्धा निबंध चढायचा आणि थांबायचा, म्हणून सडक अर्जुनीला इंटरनेटच्या दुकानात जायचं आधीच ठरलेलं. चुन्नीलाल मोटारसायकलने सोडणार होता. धान कापणीचे दिवस, रस्त्याच्या कडेला पेंढ्या, हवेत कोंडा, आणि मी त्याच्या पाठीमागे बसून डोळे मिटलेले. त्याला मी निघताना सगळं सांगितलं होतं, साखर, दार, जागा, सगळं. तो "हो जी" म्हणाला होता. निबंध परत घेतला तर माझी नेमणूक गेली. नेमणुकीच्या पत्रात स्पष्ट होतं, एक तरी निबंध छापलेला हवा, डिसेंबरपर्यंत. चुन्नीलालचं कंत्राटही डिसेंबरलाच नव्याने व्हायचं होतं. आणि काहीच बोलले नाही तर सोमवारी चाळीस नवे उंदीर येणार होते, नव्या औषधासाठी, माझ्या आकड्याच्या भरवशावर. हायवेला लागल्यावर एका ट्रकने आम्हाला इतकं घासून मागे टाकलं की चुन्नीलाल गाडी कडेला घेऊन थांबला. मी तिथेच उतरून सरांना फोन लावला. ढाब्यासमोर, एका कानात बोट घालून.

चंद्रशेखर सर वाईट माणूस नाहीत. ते सगळं शांतपणे ऐकून घेतात, हीच त्यांची भीती. मी सांगितलं, शिंगाडा सांगितला, चिमूट सांगितली. मग ते म्हणाले, "म्हणजे उंदीर उपाशी नव्हते. जेवलेले होते. बरोबर?" "हो सर." "मग तसं लिही. पद्धतीच्या परिच्छेदात एक शब्द बदल. उपाशी ऐवजी जेवलेले. जेवलेल्या उंदरांत आकडा पुन्हा तोच येतो, हा निष्कर्ष खराच आहे ना?" खराच होता. इतका खरा आणि इतका सोपा की मला हायसं वाटलं आणि त्या हायसं वाटण्याची लाज वाटली. "आणि सात-आठ, सर?" "ते आधीच वगळलेत." "डोसची शंका म्हणून वगळलेत. डोस बरोबर होता." "समीक्षा," सर म्हणाले, "वगळलेल्या गोष्टीला आता हात लावू नकोस. तू दमली आहेस. शब्द बदल, पाठव, आणि दोन दिवस आईच्या हातचं खा." फोन ठेवल्यावर पाहिलं तर चुन्नीलाल गाडीला टेकून उभा होता, लंगडा पाय पुढे घेऊन, आणि मुद्दाम दुसरीकडे पाहत होता.

इंटरनेटच्या दुकानात खुर्ची मोडकी होती आणि शेजारी एक पोरगी कुठल्याशा भरतीचा फॉर्म भरत होती. मी फाइल उघडली. तो शब्द शोधला. तो एकदाच होता, तिसऱ्या पानावर. बदलला. झालं. अडीच वाजले होते, पाचला अडीच तास होते, आणि काम झालं होतं. मी पाठवायच्या बटणावर बाण नेला आणि तिथेच ठेवला. माझं मन किती हुशार आहे ते मी त्या खुर्चीत बसून पाहत होते. ते म्हणत होतं, खोटं कुठे आहे यात? एक शब्द खोटा होता, तो खरा केलास. ते म्हणत होतं, चुन्नीलालची नोकरी वाचते. तेच मन मग म्हणत होतं, स्वतःची म्हण ना, चुन्नीलालचं नाव कशाला घेतेस? दोन उंदीर, ताई, दोन. बारांतले दोन. जातानी पाह्यलं ते येतानी बी पाहाचं. बाबा एकदा पावसात अर्ध्या वाटेवरून परत फिरले होते, कारण एक चावी ठोकली की नाही ते आठवेना. ठोकलेली निघाली. दोन दिवस ताप काढला, आई बडबडत राहिली, आणि मी विचारलं, काय मिळालं? ते म्हणाले, "झोप लागते." तेव्हा मला ते उत्तर फारच गरीब वाटलं होतं. मी जुना तक्ता उघडला. सात आणि आठच्या रांगा करड्या करून ठेवल्या होत्या. त्यांच्यावरचा करडा रंग काढला आणि गणित पुन्हा लावलं. शून्य दशांश एक्केचाळीस. शेजारची पोरगी म्हणाली, "दीदी, आपका हो गया क्या? मेरा प्रिंट निकालना है." मी म्हटलं, थोडं थांब. आणि निबंध छापणाऱ्या संपादकांना लिहायला घेतलं. निबंध छापू नये. दहा प्राण्यांना दोन्ही वेळा सकाळी खाणं मिळालेलं होतं, ते मला उशिरा कळलं. प्राण्यांच्या देखरेखीची जबाबदारी माझी होती. ज्या दोघांना दुसऱ्या वेळी खाणं मिळालेलं नव्हतं, त्यांना मी योग्य कारणाशिवाय वगळलं. सोबत बाराही जणांचे आकडे. सरांना प्रत. नाव लिहिताना माझ्याच नावातलं एक अक्षर दोनदा चुकलं. पाठवलं. लगेच रडू येईल असं वाटलं होतं, पण आली ती भूक. सकाळपासून पोटात नुसते शिंगाडेच होते.

बाहेर चुन्नीलालने विचारलं, "झालं का जी?" "झालं." "माहं नाव देल्लं?" "नाही." त्याने मान हलवली. त्याला ते आवडलं नव्हतं. "देयाचं होतं. पीठ तं मीच चारत होतो." मी म्हटलं, "कार्ड माहं होतं, भाऊ. सही माही होती." फोन वाजू लागला, सरांचा. मी तो वाजू दिला. चुन्नीलाल तो वाजणं थांबेपर्यंत थांबला आणि मग म्हणाला, "आता सोमवारी नवे येऊन राहिले ना?" "येतील. औषधाचं तं थांबन आता. पन हेच पुन्हा करा लागन, बारावर. बरोबर करा लागन." "म्हंजे निरं उपाशी." "हो." "शिंगाडा बी नाही." "नाही, भाऊ." त्याने गाडीची किल्ली एका हातातून दुसऱ्या हातात घेतली. मी घाईघाईने बोलू लागले, कंत्राटाचं मी पाहते, सरांशी बोलते, तुमच्यावर काही येणार नाही. तो मला मध्येच थांबवून म्हणाला, "कंत्राटाचं नाही जी. तुमी म्हनता ते बरोबरच असन. तुमी शिकल्या. पन माह्या हातानं होनार नाही. मी नाही येत आता. इथंच बोडीत उतरतो भावासंग." पाय? मी म्हटलं. "पान्यात पाय कोन पाह्यते?" तो म्हणाला, आणि खिशातून कागदाची पुडी काढून माझ्या हातात ठेवली. निघताना बांधून आणली असणार. अंगणात पेपरवर टाकलेले ते दहा ढीग त्याने गोळा करून आणले होते. "हे राहू द्या तुमच्यापाशी. तिथं देनारं कोनी नसन आता."

रविवारी दुपारी सौंदडला परतीची गाडी धरली. पाळी आता माझी होती. संध्याकाळी कार्ड लावायचं, दाणा काढून घ्यायचा, आणि सकाळी साडेआठला पिंजऱ्याची जाळी उघडून रिकामा हात आत घालायचा. पुडी पर्समध्ये होती. बल्लारशाहपर्यंत मी ती दोनदा काढून पाहिली आणि दोन्ही वेळा परत ठेवली.